स्पॅनिशच्या तोंडी परीक्षेची तयारी: आधी देशाचे नाव

आयबी (इंटरनॅशनल बॅकॅलॉरिएट) डिप्लोमाच्या दोन वर्षांत, म्हणजे आपल्याकडच्या अकरावी-बारावीच्या वयात, ज्यांनी स्टँडर्ड लेव्हलला स्पॅनिश बी (म्हणजे परभाषा म्हणून स्पॅनिश) घेतले आहे, त्यांच्यासाठी ही तयारीची यादी लिहीत आहे. हायर लेव्हलच्या तोंडी परीक्षेत चित्राऐवजी वर्गात अभ्यासलेल्या साहित्यकृतीतील उतारा येतो. त्यामुळे त्या विद्यार्थ्यांनी चित्राविषयीचा भाग सोडून बाकीचे वाचावे. शब्दसंग्रह वाढवावा, क्रियापदांची रूपे पाठ करावीत, हे सर्वांनाच ठाऊक आहे, म्हणून त्यावर शाई खर्च करीत नाही.

जे मला ठाऊक असूनही ऐनवेळी सुचले नाही, ते प्रथम सांगतो. तोंडी परीक्षेत विद्यार्थ्यासमोर पूर्वी न पाहिलेली दोन चित्रे ठेवली जातात, त्यांतील एक निवडून पंधरा मिनिटांत तयारी करावयाची असते, आणि मग तीन ते चार मिनिटे त्यावर बोलल्यानंतर शिक्षकांशी संभाषण होते. मी निवडलेल्या चित्रात घोळदार परकर नेसलेल्या, डोक्यावर गोल काळ्या टोप्या घातलेल्या स्त्रिया बाजारात भाजी विकत होत्या. मी टोप्यांचा रंग सांगितला, टोपल्या मोजल्या, गर्दीचे वर्णन केले, पुण्याच्या मंडईशी तुलना केली, आणि व्याकरणाची एकही मोठी चूक न करता साडेतीन मिनिटे पूर्ण केली. शिक्षकांनी दयाबुद्धीने विचारले, की हा बाजार कोठला असावा असे वाटते. मी स्वच्छ स्पॅनिशमध्ये उत्तर दिले, की असा बाजार जगात कोठेही असू शकतो.

तो कोठेही असू शकत नव्हता. तो परकर म्हणजे 'पोयेरा' आणि ती टोपी म्हणजे 'बोंबीन'. बोलिव्हियातील ला पास आणि एल आल्तो या शहरांतल्या आयमारा या आदिवासी समाजातील स्त्रियांचा हा वेश आहे. एकेकाळी याच वेशामुळे त्यांना शहरातील अनेक ठिकाणी मज्जाव होता, आणि आज तोच वेश त्या अभिमानाने मिरवतात. हे सारे मी वर्गात शिकलो होतो. तरीही 'बोलिव्हिया' हा एक शब्द माझ्या तोंडून निघाला नाही. तोंडी परीक्षेच्या तीस गुणांपैकी सहा गुण चित्रावरील सादरीकरणाच्या आशयाला असतात. चित्राचे निव्वळ वर्णन न करता ते स्पॅनिशभाषक संस्कृतीशी स्पष्टपणे जोडले आहे की नाही, हे तेथे पाहिले जाते. व्याकरण कितीही शुद्ध असले, तरी ते गुण व्याकरणाने मिळत नाहीत.

म्हणून पहिली तयारी अशी, की एक वेगळी वही करावी आणि तिच्यात केवळ ठिकाणे लिहावीत. अभ्यासक्रमाचे विषय पाच आहेत: ओळख, अनुभव, मानवी कल्पकता, समाजरचना आणि सर्वांची मिळून असलेली पृथ्वी. प्रत्येक विषयाखाली किमान तीन ठिकाणे, प्रत्येक ठिकाणापुढे देशाचे नाव, एखादे साल आणि तीन-चार वाक्ये, एवढे पुरे. ओळख या विषयाखाली पराग्वे लिहिता येईल, कारण तेथे 1992च्या राज्यघटनेने स्पॅनिशच्या बरोबरीने ग्वारानी भाषेलाही राजभाषेचा दर्जा दिला. कल्पकतेखाली कोलंबियातील मेदेयिन घ्यावे. तेथे 2004पासून डोंगरउतारावरच्या गरीब वस्त्या दोरवाटेने मेट्रोला जोडल्या गेल्या. समाजरचनेखाली अर्जेंटिनातील ब्वेनोस आयरेसच्या प्लासा दे मायो चौकात 1977पासून आपल्या बेपत्ता मुलांसाठी जमणाऱ्या मातांना विसरून चालणार नाही. पृथ्वीच्या विषयाखाली 2008च्या राज्यघटनेत निसर्गालाच हक्क देणारा इक्वादोर आहे. ही उदाहरणे माझी आहेत. तुम्ही स्वतःची शोधावीत, कारण दुसऱ्याच्या वहीतले ठिकाण शिक्षकांच्या दुसऱ्याच प्रश्नाला उघडे पडते.

अनुभव या विषयासाठी मात्र मेक्सिकोचा 'दिया दे म्वेर्तोस' मी आग्रहाने सुचवीन. 1 आणि 2 नोव्हेंबरला मृतांच्या स्मरणार्थ घरोघरी वेदी मांडून त्यांच्या आवडीचे पदार्थ ठेवण्याची ही प्रथा मराठी मुलाला पितृपक्षामुळे चटकन समजते. शिवाय त्या वेदीवरचे 'सेम्पासूचिल' हे फूल म्हणजे आपला झेंडूच, आणि दसऱ्याला आपण ज्याची तोरणे बांधतो तो झेंडू मुळात मेक्सिकोकडचा. तुलना करण्यास हरकत नाही, किंबहुना ती करावीच. पण क्रम पाळावा. आधी तेथले, मग येथले. मी मंडईपासून सुरुवात केली आणि मंडईतच राहिलो.

पंधरा मिनिटांच्या तयारीत जास्तीत जास्त दहा मुद्दे टिपून ठेवण्याची मुभा असते. त्यांतील पहिला मुद्दा देशाचे नाव हाच असावा. चित्रावरून देश ओळखता येत नसेल, तरीही 'हे चित्र पाहून मला अमुक देशातील अमुक गोष्ट आठवते' असे म्हणता येते, आणि त्यासाठीच ती वही आहे. घरी सराव करताना समोर बसणाऱ्याला स्पॅनिश येण्याची गरज नाही. माझ्या धाकट्या बहिणीला मी नंतर एवढेच काम देत असे, की अर्ध्या मिनिटात देशाचे नाव ऐकू आले नाही तर टाळी वाजवून मला थांबवायचे. ही अक्कल मला परीक्षेनंतर सुचली, त्यामुळे तिचा उपयोग झाला तो फक्त बहिणीच्या करमणुकीला.

उच्चारांत मराठी माणसाला एक आयता लाभ आहे, तो इंग्रजीच्या सवयीने घालवू नये. स्पॅनिशमधील त आणि द हे आपल्या त-दसारखेच दंत्य आहेत, तेव्हा 'तोर्तिया' म्हणावे, 'टॉर्टिया' नव्हे. उलट काही ठिकाणी मराठीच आडवी येते. आपला बटाटा पोर्तुगीजांकडून आला, म्हणून स्पॅनिशमध्येही 'बाताता' म्हटले की काम झाले असे वाटते. पण स्पॅनिशमध्ये तो शब्द रताळ्याचा आहे, आणि बटाट्याला स्पेनमध्ये 'पाताता' तर लॅटिन अमेरिकेत 'पापा' म्हणतात. 'ऊस्तेद' हे आपल्या आदरार्थी 'तुम्ही'सारखे वाटले, तरी त्याचे क्रियापद तृतीय पुरुषी एकवचनी असते. वहीत हे ठळक लिहून ठेवावे, कारण बोलण्याच्या ओघात येथे पाय हमखास घसरतो.

स्टँडर्ड लेव्हलच्या लेखी उत्तरपत्रिकेत तीनपैकी एक विषय निवडून सव्वा तासात 250 ते 400 शब्द लिहावयाचे असतात. पत्र, ब्लॉग, भाषण यांपैकी योग्य प्रकार निवडणे हा परीक्षेचाच भाग आहे; महापौरांना लिहिताना मैत्रिणीला लिहितो तसे लिहू नये, हे वेगळे सांगण्याची गरज नसावी, पण आहे. उद्गारचिन्ह आणि प्रश्नचिन्ह वाक्यारंभी उलटेही द्यावे लागते. 'वर्ष' या अर्थाच्या 'आन्यो' शब्दातील अक्षरावरची नागमोडी रेघ विसरू नये. ती गाळली की स्वतःचे वय सांगताना जे लिहिले जाते, ते येथे छापण्याजोगे नाही. शब्दकोश जवळ बाळगता येत नाही.

श्रवणासाठी रोज वीस मिनिटे बातम्या ऐकाव्यात, आणि केवळ माद्रिदच्याच नव्हे. कॅरिबियन बोलीत शब्दाअखेरचा 'स' गळतो, तो आधी कानावरून गेलेला असावा. वाचन त्याच बातम्यांचे करावे. जुन्या प्रश्नपत्रिका वेळ लावून सोडवाव्यात.

तोंडी परीक्षा लेखी परीक्षेच्या काही महिने आधीच शाळेत होऊन जाते, तेव्हा 'मे महिन्याला अवकाश आहे' या समजात राहू नये. शेवटच्या आठवड्यात नवीन काही शिकू नये. फक्त ठिकाणांची वही रोज एकदा चाळावी. आदल्या रात्री झोपावे. पेन, पाणी, ओळखपत्र. चित्र समोर आले की टोप्यांचा रंग नंतर, आधी देश.