गिझर घेताना या चुका टाळा

दुकानात पहिला प्रश्न येतो, "किती लिटरचा दाखवू?" त्याआधी घरी जरा बघा: पाणी नळाचं की बोअरचं, टाकी किती उंचावर, आंघोळ बादलीने की शॉवरने, आणि बाथरूमला हवा किती.

हवेचं आधी सांगतो, कारण गॅस गिझरची चूक जिवावर बेतते. थंडीत खिडकी लावलेल्या छोट्या बाथरूममध्ये तो पेटला की प्राणवायू कमी होतो आणि कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला ना वास, ना रंग. चक्कर येते, हातपाय गळतात, कडी काढण्याचंही त्राण उरत नाही. एक्झॉस्ट फॅन आहे म्हणून निर्धास्त राहू नका. गिझर मोकळ्या ड्राय बाल्कनीत लावा, बाथरूममध्ये फक्त गरम पाण्याचा पाइप येऊ द्या. आधीच आत बसवला असेल तर आजच गॅस बंद करा आणि तो बाहेर हलवून घ्या. ज्योत निळीऐवजी पिवळी दिसली तर मेकॅनिकला बोलवेपर्यंत वापरू नका. गिझर पेटतच नसेल, तर आधी सेल तपासा. सेल ठीक असतील तर कारण पाण्याच्या दाबात शोधा: टाकी अगदी डोक्यावर असलेल्या वरच्या मजल्यावर बहुतेकदा तो दाबच कमी पडतो.

विजेच्या गिझरमध्ये तीन लिटरचा इन्स्टंट, म्हणजे पाणी साठवून न ठेवता वाहतानाच तापवणारा, स्वस्त म्हणून आंघोळीला घेतात, मग "पाणी कोमटच येतं" अशी तक्रार. त्यात बिघाड नसतो. ३ किलोवॅटचा गिझर पाणी २५ अंशांनी तापवताना मिनिटाला जेमतेम पावणेदोन लिटर देतो. म्हणजे नाशिकच्या थंडीत १५ अंशांचं पाणी ४० वर न्यायचं, तर १५ लिटरच्या बादलीला नऊ मिनिटं लागतात. स्वयंपाकघराच्या सिंकला तो उत्तम. शॉवरसाठी १५ ते २५ लिटरचा साठवणीचा घ्या. तोही १६ अँपिअरच्या सॉकेटवरच लावा आणि अर्थिंग नीट आहे ना ते तपासून घ्या.

बोअरचं पाणी असेल तर क्षार कॉइलवर थर धरतात. गिझर तापताना कढ आल्यासारखा आवाज करू लागला, पाणी तापायला वेळ लागू लागला, की तो उघडून साफ करायची वेळ झाली. तेव्हाच आतला मॅग्नेशियमचा रॉडही बघायला सांगा. तो झिजून संपला की गंज टाकीला लागतो. उंच इमारतीत खालच्या मजल्यावर राहत असाल तर ८ बार दाब सोसणारा गिझर मागा. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब साधारण एक बार होतो.

सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी तापताना दोन-चार थेंब गळतात, म्हणून काही जण त्याला बूच मारतात. हे कधीही करू नका! वाढलेला दाब तिथूनच बाहेर पडतो. गळती सतत होत असेल तर व्हॉल्व्ह बदला.

सोलर गच्चीवर असेल तर पावसाळ्यातल्या ढगाळ दिवसांसाठी विजेची सोय ठेवाच. गच्चीपासून नळापर्यंत पाइप लांब असेल तर त्यावर इन्सुलेशन चढवा, नाहीतर गरम पाणी येईपर्यंत रोज सकाळी अर्धी बादली गार पाणी वाहून जातं.