आरिस थेसालोनिकीचा चढ-उतार लिहिताय? या चुका टाळा

‘निकोस गालिस आला आणि आरिस जिंकू लागला, गालिस गेला आणि आरिस संपला.’ ग्रीसच्या या बास्केटबॉल क्लबची कहाणी बहुतेक वेळा अशी एका दमात उरकली जाते. वाक्य झकास आहे. अडचण एवढीच की ते दोन्ही टोकांना चुकलंय.

पहिलं टोक घ्या. आरिसच्या नावावर ग्रीसची 10 विजेतेपदं आहेत : 1930, 1979, 1983 आणि मग 1985 ते 1991 अशी सलग सात. यातलं 1979 चं विजेतेपद सर्रास गालिसच्या खात्यावर टाकलं जातं, कारण तो 1979 सालीच थेसालोनिकीला आला. पण ते विजेतेपद 1978-79 च्या हंगामाचं. तो हंगाम चालू होता तेव्हा गालिस न्यू जर्सीत सीटन हॉल विद्यापीठाकडून खेळत होता. आरिसच्या बाकावर तेव्हा यानिस योआनिडिस होते, जे पुढे जवळजवळ सगळ्या सुवर्णकाळाचे प्रशिक्षक ठरले. म्हणजे गालिस मोडक्या संघात आला नाही, विजेत्या संघात आला.

आणि तो आल्यावर लगेच धडाका सुरू झाला, असंही नाही. 1979-80 ते 1983-84 या त्याच्या पहिल्या पाच हंगामांत आरिसला लीगचं विजेतेपद एकदाच मिळालं, 1983 मध्ये. 1984 चं अथेन्सच्या पानाथिनाइकोसने नेलं. त्या उन्हाळ्यात इओनिकोस निकैयास या क्लबकडून पानायोटिस यानाकिस आला आणि पुढचे सातच्या सात हंगाम आरिसचे झाले. गालिस गुणांचा पाऊस पाडायचा हे खरंच, पण खेळ मांडायला आणि समोरच्याचा सर्वांत धोकादायक गार्ड अडवायला यानाकिस लागला. ‘गालिसचा आरिस’ हे शीर्षक म्हणून ठीक आहे, पण चढाचं कारण म्हणून ते अपुरं पडतं.

आता दुसरं टोक. गालिस 1992 च्या उन्हाळ्यात पानाथिनाइकोसला गेला. पण लीगचा मुकुट त्याआधीच गेला होता : 1991-92 चा विजेता थेसालोनिकीचाच दुसरा क्लब पाओक, आणि त्या हंगामात गालिस आणि यानाकिस दोघेही आरिसमध्येच होते. उलट गालिस गेल्यावर जेमतेम वर्ष व्हायच्या आत, मार्च 1993 मध्ये, आरिसने इटलीतल्या तुरिनमध्ये तुर्कस्तानच्या एफेस पिल्सेनला 50-48 असं हरवून आपला पहिला युरोपीय चषक जिंकला. ‘गेला आणि संपला’ या वाक्यात या दोन्ही गोष्टी बसत नाहीत.

मग घसरणीची सुरुवात कुठे धरायची? आमच्या मते 1990 मध्ये. त्या वर्षी योआनिडिसनी आरिस सोडलं. आधी अथेन्सचं एइके, मग 1991 पासून पिरेयसचं ओलिंपियाकोस. तिथे त्यांनी 1993 ते 1996 सलग चार वेळा ग्रीसची लीग जिंकली. 1992 ला गालिस गेला, 1993 ला यानाकिस पानिओनिओसला आणि तिथून पानाथिनाइकोसला गेला. 1993 च्या चषकातला अमेरिकन सेंटर रॉय टार्पलीही त्याच उन्हाळ्यात ओलिंपियाकोसने उचलला. जिंकण्याचं सगळं भांडवल तीन-चार वर्षांत उत्तरेतून दक्षिणेत गेलं. कारण तिकडे पानाथिनाइकोसमागे औषध उद्योगातले यानाकोपुलोस बंधू उभे होते आणि ओलिंपियाकोसमागे उद्योगपती सोक्रातिस कोक्कालिस. थेसालोनिकीत तशा खिशाचा मालक नव्हता. 1991 चं शेवटचं विजेतेपद म्हणजे कळसाची खूण नाही. मुळं तुटल्यावरही झाड काही दिवस हिरवं दिसतं, तसं ते आहे.

या घोटाळ्यावर उपाय साधा आहे. कागदावर हंगाम लिहा (साल नव्हे, हंगाम : 1984-85), त्याच्यापुढे योआनिडिस, यानाकिस, गालिस यांपैकी कोण होतं ते लिहा आणि मग निकाल. दहा ओळींत चित्र दिसतं.

चषकाचं नाव वाचून दर्जा ठरवणं

आरिसकडे तीन युरोपीय चषक आहेत आणि तिन्हींची नावं फसवी आहेत.

1993 चा चषक त्या वेळी ‘युरोपियन कप’ या नावाने ओळखला जायचा. नाव वाचून आरिस त्या वर्षी युरोपचा विजेता झाला, असं लिहून मोकळे होणारे पुष्कळ. प्रत्यक्षात ती पूर्वीची कप विनर्स कप स्पर्धा, म्हणजे दुसऱ्या पायरीची. वरच्या स्पर्धेचं नाव 1991 मध्ये बदलल्यावर हिला ते मोकळं झालेलं जुनं नाव चिकटलं. 1993 चा युरोपचा खरा विजेता फ्रान्सचा लिमोज.

1997 चा कोराच चषक तिसऱ्या पायरीचा. त्या वर्षी वरची स्पर्धा ओलिंपियाकोसने जिंकली.

2003 चा तर सर्वांत फसवा : ‘फिबा युरोप चॅम्पियन्स कप’. युरोपीय क्लबांच्या वरच्या स्पर्धा फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) हातून निसटल्यानंतर फिबा युरोपने जी नवी स्पर्धा काढली, तिचं हे नाव. युरोलीग आणि युलेब कप तिच्या वरच्या पायऱ्यांवर होते. आरिसने अंतिम सामना थेसालोनिकीतच पोलंडच्या प्रोकोम ट्रेफलविरुद्ध 84-83 असा एका गुणाने जिंकला. सामना चित्तथरारक होता, पण ‘युरोपचे चॅम्पियन’ हे बिरुद त्यातून मिळत नाही.

त्यामुळे चषकाच्या शेजारी नेहमी दोन गोष्टी लिहा : त्या वर्षी ती स्पर्धा कितव्या पायरीवर होती आणि वरची स्पर्धा कोणी जिंकली. असं लिहिलं की आणखी एक गोष्ट उघडी पडते. आरिसचे तिन्ही युरोपीय चषक घसरणीच्या काळातले आहेत. चढाच्या काळात, 1985 ते 1991 मध्ये, युरोपात एकही नाही. नुसते चषक मोजून आलेख काढलात, तर तो उलटाच निघेल.

परतीच्या सामन्याशिवाय निकाल सांगणं

ही चूक नीट उलगडून बघण्यासारखी आहे, कारण आरिसच्या इतिहासातले दोन सर्वांत बोलके निकाल दोन-सामन्यांच्या लढतींतले आहेत.

1986 च्या शरद ऋतूत, तेव्हाच्या युरोपातल्या सर्वांत वरच्या स्पर्धेच्या, म्हणजे चॅम्पियन्स कपच्या पात्रता टप्प्यात, आरिसने घरच्या कोर्टवर इटलीच्या ट्रेसर मिलानला 98-67 असं हरवलं. फरक 31 गुणांचा. अनेक जण इथेच थांबतात आणि लिहितात की आरिसने युरोपच्या विजेत्याला चिरडलं. मिलान त्या हंगामात युरोपचा विजेता झाला, हे खरंच. पण झाला कसा? दोन्ही सामन्यांच्या गुणांची बेरीज करून पुढे कोण जाणार हे ठरायचं. परतीच्या सामन्यात मिलानला किमान 32 गुणांनी जिंकायला हवं होतं. ते 83-49 असे जिंकले, म्हणजे 34 गुणांनी. एकूण मिलान 150, आरिस 147. आरिस बाहेर.

अकरा वर्षांनी, 1997 च्या कोराच चषकाच्या अंतिम लढतीत, बरोबर उलटं घडलं. पहिल्या सामन्यात आरिस घरच्या प्रेक्षकांसमोर बुर्साच्या तोफाशकडून 66-77 असा हरला. परतीचा सामना तुर्कस्तानात, आणि 11 गुणांचं ओझं डोक्यावर. तोफाशला घरी 10 गुणांनी हरूनही चषक मिळाला असता. आरिस तिथे 88-70 असा जिंकला, म्हणजे 18 गुणांनी. बेरीज 154-147. त्या संघात ना गालिस होता ना यानाकिस. होते इटलीचा मारियो बोनी, पोर्टो रिकोचा होसे ओर्तिस आणि ग्रीसचाच पानायोटिस लियाडेलिस.

अशा लढतींचा निकाल लिहिताना चार आकडे आणि दोन बेरजा द्यायच्याच. शिवाय परतीच्या सामन्यातला खेळ वाचताना ध्यानात ठेवायचं की हरणारा संघही शेवटच्या सेकंदापर्यंत मारा करत असतो, कारण 18 ने हरणं आणि 10 ने हरणं यात चषकाचा फरक असतो. साध्या लीग सामन्याच्या चष्म्यातून तो खेळ वेडगळ दिसतो.

‘तीनदा फायनल फोर, तीनदा अपयश’

1988 गेन्ट, 1989 म्युनिक, 1990 सारागोसा. सलग तीन वर्षं आरिस युरोपच्या शेवटच्या चारांत पोचला आणि तिन्ही वेळा उपांत्य सामन्यात हरला. इथपर्यंत बरोबर. पण त्यावरून ‘मोठ्या सामन्यात कचखाऊ’ असा शिक्का मारण्याआधी तिथवरची वाट बघा. तेव्हा आठ संघांची एकच साखळी होती, प्रत्येकाशी घरी आणि बाहेर मिळून 14 सामने, आणि वरचे चारच पुढे. थेसालोनिकीसारख्या शहरातला संघ ती साखळी तीनदा लागोपाठ ओलांडतो, याला अपयश म्हणणं अन्याय आहे. गुरुवारी रात्री आरिसचे हे सामने टीव्हीवर असले की एरवी दुसऱ्या क्लबांचे कट्टर असलेले लोकही पडद्यासमोर बसायचे. ग्रीसमध्ये ते भाग्य नंतर कुठल्या क्लबला लाभलं असेल, असं वाटत नाही.

पाहायचं असेल तर फरक पाहा. मिलानकडून 82-87, मक्काबीकडून 86-99, बार्सिलोनाकडून 83-104. पाच, तेरा, एकवीस. देशात सगळं जिंकत असतानाच युरोपशी अंतर वाढत होतं. घसरणीची पहिली खूण लीगच्या तक्त्यात सापडत नाही, या तीन आकड्यांत सापडते.

फुटबॉलचा आरिस आणि बास्केटबॉलचा आरिस एकच समजणं

पिवळा-काळा रंग तोच, युद्धदेवतेचं बोधचिन्ह तेच, 1914 चा मूळ क्लबही तोच. पण कायद्याने फुटबॉलची कंपनी वेगळी (पाए) आणि बास्केटबॉलची वेगळी (काए). एकीचं कर्ज दुसरीच्या डोक्यावर येत नाही आणि एकीची पदावनती दुसरीला लागत नाही. 2014 मध्ये आरिस तळाला गेला आणि पुढच्या हंगामात तिसऱ्या स्तरावर खेळला, ही बातमी फुटबॉलची. बास्केटबॉलचा आरिस तेव्हा पहिल्याच श्रेणीत होता. बातमीत नुसतं ‘आरिस’ असेल तर ग्रीक मजकुरात पाए आहे की काए, एवढं बघितलं तरी भागतं.

काएची आर्थिक ओढाताण वेगळ्या वाटेने दिसते. खेळाडूचे किंवा प्रशिक्षकाचे पैसे थकले की तो जिनिव्हातल्या बास्केटबॉल लवादाकडे जातो. लवादाने निकाल दिल्यावरही क्लबने पैसे भरले नाहीत तर फिबा नवीन खेळाडूंच्या नोंदणीवर बंदी घालते. आरिसवर अशा बंदी आलेल्या आहेत. तिचा अर्थ मात्र संघ बाद झाला असा घ्यायचा नाही. नोंदणी झालेले खेळाडू खेळत राहतात, नवे घेता येत नाहीत, आणि पैसे चुकते केले की बंदी उठते. ‘बंदी’ हा शब्द दिसला की लगेच ‘क्लब बुडाला’ असं लिहू नका.

घसरण सरळ उतरंड होती, असंही समजू नका. 2006 मध्ये आरिस युलेब कपच्या अंतिम सामन्यात होता (दिनामो मॉस्कोकडून 60-73 हार), आणि पुढचे दोन हंगाम युरोलीगमध्ये खेळून दोन्हीत शेवटच्या सोळांत गेला. 1991 नंतर लीगचं विजेतेपद नाही, पण ग्रीक चषक 1992, 1998 आणि 2004 असे तीन आहेत.

फुटकळ, पण वारंवार होणाऱ्या चुका

1987 ची युरोबास्केट (युरोपातल्या राष्ट्रीय संघांची स्पर्धा) आरिसने जिंकली नाही, ग्रीसने जिंकली : पिरेयसला सोव्हिएत संघाविरुद्ध जादा वेळेत 103-101. चमूत आरिसचे चौघे होते, गालिस, यानाकिस, फिलिप्पू आणि रोमानिडिस. शेवटचे निर्णायक फ्री थ्रो टाकणारा काम्बुरिस मात्र ओलिंपियाकोसचा.

गालिस अमेरिकेच्या एनबीए लीगमधल्या बोस्टन सेल्टिक्सकडून खेळला नाही. 1979 च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) त्यांनी त्याला चौथ्या फेरीत निवडलं, सरावात दुखापत झाली, आणि एनबीएचा एकही सामना न खेळता तो ग्रीसला आला.

50-48 हा आकडा छपाईची चूक वाटून कुणी 90-88 करतं. तो बरोबर आहे. तेव्हा एका चढाईला 30 सेकंद मिळायचे, 24 सेकंदांचा नियम 2000 साली आला. त्याच वर्षीचा वरच्या स्पर्धेचा अंतिम सामनाही 59-55 होता. तसंच 1984 आधीच्या गुणांची नंतरच्या गुणांशी तुलना करू नका, कारण फिबाने तीन गुणांची रेषा तेव्हा आणली, 6.25 मीटरवर.

आणि आरिसचं सभागृह. आज त्याला ‘निक गालिस हॉल’ म्हणतात, पण हे नाव 2013 चं आहे. मिलानविरुद्धचा तो 98-67 चा सामना ‘गालिस हॉलमध्ये’ झाला असं लिहिलंत तर जाणकार हसतील. तेव्हा ते नुसतं अलेक्झांड्रिओ होतं. पाओकही 2000 मध्ये पिलेयातल्या स्वतःच्या सभागृहात जाईपर्यंत तिथेच खेळायचा. त्यामुळे त्या काळच्या आरिस-पाओक सामन्यांत ‘घरच्या कोर्टचा फायदा’ मोजत बसू नका. कोर्ट, रिंगा, फळ्या त्याच असायच्या, बदलायची ती फक्त तिकिटं कुणाच्या हातात जास्त आहेत ही गोष्ट.