सोयाबीनला जिवाणू कसे लावावेत आणि ते लागले की नाही, हे कसं ओळखावं

आमच्या घरी तिफण धरणं, खत भरणं ही कामं इतरांची. बियाण्याला जिवाणू लावणं माझं. हे जिवाणू मुळांवर गाठी करून राहतात आणि हवेतला नत्र, म्हणजे नायट्रोजन, पिकाला देतात. लातूरकडची काळी जमीन, तीन एकर सोयाबीन. एकरी 30 किलो बियाणं धरते. 10 किलोला जिवाणूंच्या भुकटीची 250 ग्रॅमची एक थैली, म्हणजे एकराला तीन.

थैली घेताना तिच्यावर 'सोयाबीन' लिहिलंय का ते आधी बघा. हे जिवाणू कुठल्याही कडधान्याशी जमवून घेत नाहीत. सोयाबीनला ब्रॅडीरायझोबियम नावाचा जिवाणू लागतो, हरभऱ्याचा वेगळा. तूर, मूग, उडीद, चवळी, भुईमूग यांचं एकाच गटावर भागतं. सोयाबीन मूळचं चीनकडचं पीक, त्याचा जोडीदार आपल्या मातीत आधीपासून नव्हता. म्हणून ज्या रानात सोयाबीन पहिल्यांदाच पडतंय, तिथे तर हे काम अजिबात चुकवू नका.

मुदतीची तारीख वाचाच, पण दुकानात थैल्या कुठे ठेवल्यात तेही बघा. एका वर्षी मी पत्र्याखाली तापलेल्या खोक्यातून थैल्या आणल्या. मुदत शिल्लक होती, तरी त्या वर्षी झाडागणिक दोन-तीन गाठीच सापडल्या. ती काळी भुकटी मातीसारखी दिसते, पण तिच्यात जीव असतो आणि उन्हानं तो मरतो. आता पेरणीपर्यंत थैल्या माठाशेजारी गारव्याला असतात.

बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी, मग कीटकनाशक, आणि बियाणं सुकल्यावर सगळ्यात शेवटी जिवाणू. तिन्ही एका घमेल्यात कालवू नका. आदल्या दिवशी एक लिटर पाण्यात 125 ग्रॅम गूळ उकळून ठेवते. पाणी पूर्ण गार झाल्यावरच भुकटी मिसळायची. कोमट चालत नाही. बियाणं गोणपाटावर पसरून हे पाणी थोडं थोडं शिंपडायचं आणि हलक्या हातानं वरखाली करायचं. सोयाबीनचं टरफल फार नाजूक, चोळलं की सुटतं आणि उगवण जाते. प्रत्येक दाण्यावर काळसर पातळ थर दिसला की थांबायचं, पाणी उरलं तर वाया जाईल म्हणून ते बियाण्यात जिरवायचं नाही. मग सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरायचं. जमिनीत चांगली ओल आणि वापसा (चिखल न होता पेरता येईल अशी स्थिती) नसेल तर बियाण्याला हातच लावू नका.

आता खरी गोष्ट. पेरणीनंतर साधारण 40 दिवसांनी, फुलं दिसायला लागली की खुरपं घेऊन रानात जा. रानाच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतली चार-पाच झाडं उकरून काढा. हातानं उपटलं तर गाठी मातीतच राहतात आणि आपण उगीच घाबरतो. मुळं बादलीत बुडवून हळूच धुवा. सोटमुळाच्या वरच्या भागाला मुगाएवढ्या गाठी चिकटलेल्या दिसतील. एक गाठ नखानं चिरा. आत लालसर गुलाबी रंग दिसला तर काम चालू आहे. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचंच भावंड तिथे असतं, लेगहिमोग्लोबिन. नत्र बांधणारं विकर (एन्झाइम) मोकळ्या ऑक्सिजननं बिघडतं, पण जिवाणूंना श्वास तर लागतो. हे लाल द्रव्य ऑक्सिजन धरून ठेवतं आणि बेताबेतानं पुरवतं. झाड जिवाणूंना साखर देतं, जिवाणू हवेतला नत्र झाडाला देतात. गाठ आतून पांढरी असेल तर ती अजून कोवळी आहे किंवा निकामी. हिरवट किंवा तपकिरी असेल तर तिचं काम संपलं.

मी पहिल्यांदा गाठ चिरली तेव्हा नखाला लागलेला तो गुलाबी रस कितीतरी वेळ बघत बसले होते.

गाठी गुलाबी असतील तर युरियाची पिशवी फोडू नका. जमिनीत आयता नत्र मिळाला की झाड जिवाणूंना पोसणं कमी करतं आणि नव्या गाठी धरत नाहीत. पेरणीबरोबर दिलेला थोडा नत्र पुरतो. स्फुरदात (फॉस्फरसच्या खतात) मात्र हात आखडू नका, गाठींना तो लागतो. पीक पिवळं पडलंय आणि रानात पाणी साचलंय, असं असेल तर आधी चर काढून पाणी बाहेर काढा. चिखलात हवा नसते, गाठी गुदमरतात.

काढणीला झाडं विळ्यानं कापा, मुळं जमिनीतच राहू द्या. बराचसा नत्र दाण्याबरोबर घरी येतो, पण मुळांतला तरी रानात राहतो. त्याच रानात हरभरा घेणार असाल तर थैली पुन्हा लागेलच, आणि ती 'हरभरा' लिहिलेलीच.