बोलणं आटोपतं कसं घ्यावं

संभाषण सुरू कसं करावं यावर सल्ल्यांचा सुकाळ आहे. संपवायचं कसं, यावर मात्र दोनच सल्ले फिरत असतात: घड्याळाकडे बघा, नाहीतर फोन आल्याचं नाटक करा. दोन्ही टाकाऊ. घड्याळाकडे पाहिल्यावर समोरच्याला एवढंच कळतं की आपण कंटाळा आणला. तुम्हाला निघायचं का आहे ते कळतच नाही. आणि नाटक एकदा उघडं पडलं, की पुढे खरोखरच फोन आला तरी तो माणूस विश्वास ठेवत नाही.

अडचण कुठे आहे ते आधी समजून घ्या. अ‍ॅडम मास्ट्रोयानी, डॅनियल गिल्बर्ट हे मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात अनोळखी माणसांच्या जोड्या बोलायला बसवल्या आणि नंतर प्रत्येकाला वेगवेगळं विचारलं, की बोलणं कधी संपावं असं वाटत होतं. दोघांनाही हवं होतं तेव्हाच संपलेली संभाषणं जेमतेम दोन टक्के निघाली. हवी असलेली वेळ आणि प्रत्यक्षातली वेळ यांतलं अंतर सरासरीने संभाषणाच्या निम्म्या लांबीएवढं होतं. सगळेच सुटायला बघत होते असंही नाही. काहींना आणखी बोलायचं होतं. पण मनातलं कोणी बोलून दाखवत नव्हतं. तेव्हा समोरचाही कंटाळलाच असणार असं धरून उठू नका, आणि त्याला अजून बोलायचंच असेल असं धरून अडकूनही राहू नका. खूण द्या आणि उत्तर बघा.

१. वेळ सुरुवातीलाच सांगा

“माझ्याकडे वीस मिनिटं आहेत, पण ती पूर्ण तुमची.” बसता बसता किंवा फोन उचलल्याबरोबर हे सांगितलं, की पुढचं निम्मं काम झालं. शेवटी सांगितलेली मर्यादा समोरच्याला स्वतःवरचा शेरा वाटते. सुरुवातीला सांगितलेली तशी वाटत नाही, आणि महत्त्वाचं बोलणं तो आपणहून पुढे घेतो.

२. चालू विषय संपू द्या

गोष्ट अर्ध्यात असताना उठू नका. उठावंच लागलं, तर कुठे थांबलो ते नाव घेऊन सांगा: “मुलाखतीला बोलावलं इथपर्यंत ऐकलं, पुढचं मला ऐकायचंय.” नुसतं “नंतर बोलू” म्हणजे ऐकत नव्हतो, असा अर्थ लागतो.

३. चाहूल द्या, आणि मग गप्प बसा

बहुतेक माणसं अडतात ती इथे.

इमॅन्युएल शेग्लॉफ आणि हार्वी सॅक्स या समाजशास्त्रज्ञांनी टेलिफोनवरची संभाषणं शब्द न् शब्द उतरवून तपासली आणि १९७३ साली दाखवून दिलं, की बोलणं निरोपाच्या शब्दांनी संपत नाही. त्याआधी एक छोटी फेरी होते. एकजण नुसतं “चला मग...” किंवा “ठीक आहे तर...” म्हणतो. त्यात नवी माहिती काहीच नसते. त्याचा अर्थ एवढाच, की माझ्याकडे आता नवा विषय नाही, तुमच्याकडे आहे का? समोरच्यापुढे दोन वाटा असतात. तोही “हो, चला” म्हणाला, की दार उघडलं, निरोप घ्या. नाहीतर तो राहिलेलं काही काढतो. ही फेरी गाळून थेट “येतो” म्हटलं, की माणूस रागावून निघाल्यासारखा वाटतो, शब्द कितीही गोड असले तरी.

यात काय काय बिघडतं ते नीट लक्षात घ्या.

पहिली चूक म्हणजे “चला मग” म्हणून स्वतःच पुढे बोलत राहणं. “चला मग... आणि हो, त्या दिवशीचं काय झालं?” अशाने तुम्हीच नवा विषय उघडला. चाहूल दिल्यावर तोंड बंद ठेवायचं, एक-दोन सेकंद. ती शांतता अवघड वाटते, पण समोरच्याची पाळी तिच्यातच येते. ती खाऊ नका.

दुसरी चूक नुसत्या “बरं”वर भिस्त ठेवण्याची. ऐकताना आपण हुंकार म्हणूनही “बरं” म्हणतो, त्यामुळे समोरचा ते “पुढे सांगा” असं धरून चालतो. “बरं, चला” असं जोडून, खाली उतरत्या सुरात म्हणा.

तिसरी गोष्ट: समोरच्याने नवा विषय काढला, तर तो चिकटतोय असं समजू नका. तुम्ही विचारलंत, त्याने उत्तर दिलं. अवघड गोष्ट माणसं शेवटासाठी राखून ठेवतात. रुग्ण खरी तक्रार दाराशी पोचल्यावर काढतात, हा डॉक्टरांचा नेहमीचा अनुभव आहे. म्हणूनच चाहूल शेवटच्या क्षणी देऊ नये. तासभराच्या भेटीत निघायच्या दहा मिनिटं आधी, छोट्या फोनवर एखाद मिनिट आधी द्या. राहिलेलं बाहेर यायला तेवढी जागा लागते. आलेला विषय ऐका, त्यावर थोडक्यात बोला, पण प्रश्न विचारू नका. प्रश्न विचारलात की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

दुसऱ्यांदा चाहूल देताना झालेल्या बोलण्याचं सार जोडा: “म्हणजे कागद तुम्ही शनिवारी देताय, दुरुस्त्या माझ्याकडे.” सार काढलं की विषय झालेल्या गोष्टींत जमा होतो आणि ऐकलं गेल्याची खात्रीही पटते. तिसऱ्यांदा आडून बोलू नका. “मला आता निघायलाच हवं. उरलेलं बुधवारी बोलू.” इथे चार वेळा “सॉरी” म्हणण्याने सभ्यता वाढत नाही, उलट समोरच्याला तुमची समजूत घालत बसावं लागतं. आणि “निघू का?” असं विचारू नका. नाही म्हणायला तो संकोचतो, हो म्हणायलाही संकोचतो, आणि ठरवायचं ओझं मात्र त्याच्यावर पडतं. अपवाद वडीलधाऱ्यांचा आणि वरिष्ठांचा. त्यांच्यापुढे आपण बोलणं आवरतं घेणं अवघड असतं, तेव्हा शेवटची पाळी सरळ त्यांना द्या: “तुम्हाला आणखी काही सांगायचं होतं का?” बहुतेक जण “नाही नाही, चला” म्हणून स्वतःच मोकळं करतात.

समोरच्याने नुकतंच काही दुःखाचं सांगितलं असेल, तर हे सगळं बाजूला ठेवा. त्यावर लगेच “चला मग” म्हणणं अक्षम्य आहे. निदान दोन-तीन वाक्यं त्याच्या विषयावरच थांबा. त्याचा सूर थोडा खाली बसला, की मग चाहूल द्या, आणि तीही पुन्हा कधी बोलायचं ते ठरवून.

४. कारण एकच, छोटं आणि खरं

“सात वाजता मुलीला आणायचंय.” पुरे. लांब कारणात समोरच्याला धरायला जागा मिळते: कुठे, कशाला, मी सोडतो की! दोन कारणं दिली तर दोन्ही खोटी वाटतात. सांगण्यासारखं कारण नसेल तर “आता निघतो, छान वाटलं बोलून” एवढंच म्हणा. छान वाटलं नसेल तर तेही म्हणू नका. “वेळ दिलात, आभार” यात खोटं काही नाही.

५. म्हटलंत ना, मग उठा

१९७३ सालीच मार्क नॅप हे संवादाचे अभ्यासक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलाखतींचा शेवट निरखून पाहिला. निघणारा माणूस नजर काढून घेतो, बाहेरच्या दिशेने वळतो, पुढे झुकतो, मान डोलावतो. हे आपोआप होतं. पण शब्दांच्या आधी नुसतं शरीर बोलू लागलं, तर तो अनादर दिसतो. आधी शब्द, मग पाय. उठल्यावर परत टेकू नका, आणि दारात नवा विषय तर मुळीच काढू नका. तिथे उभं राहून झालेल्या अर्ध्या तासाच्या गप्पा यजमानाला सगळ्यात जड जातात.

फोनवर शरीर दिसत नाही, म्हणून सार आणि चाहूल दोन्ही तोंडाने द्यावीच लागतात. तिघे बोलत असतील आणि तुम्ही निघताय, तर सोपं आहे: एक वाक्य आणि हात हलवणं. मोठ्या घोळक्यात प्रत्येकाचा निरोप घेत फिरू नका, चालू बोलणी तुटतात. यजमानाला आणि शेजारच्याला सांगा.

मेसेजवर दर वेळी निरोप घ्यायची गरज नाही. “ठरलं मग” असं लिहा, आणि त्यावर अंगठा आला तर त्याला उत्तर देऊ नका. पण समोरच्याने प्रश्न विचारलेला असेल, तर अंगठा दाखवून गप्प बसणं उद्धटपणाचं आहे. आत्ता उत्तर देता येत नसेल तर “रात्री लिहितो” एवढं तरी लिहा, आणि रात्री खरंच लिहा.