वस्तीत फोरम नाटक बसवताना

ब्राझीलचे नाट्यदिग्दर्शक ऑगुस्तो बोआल यांनी 1970च्या दशकात रुजवलेल्या फोरम नाटक या प्रकारात मुख्य पात्र हरतं तिथेच नाटक थांबतं. पुढचं प्रेक्षक करून दाखवतात. ठाण्यात किसननगरसारख्या वस्तीत करायचं तर विषय एकच धरा. समजा, नवऱ्याची दारू आणि घरखर्च. सहा कलाकार, जास्तीत जास्त पंधरा मिनिटं. गल्लीत माईक लागत नाही, लोक जमवायला ढोलकी पुरते. संध्याकाळचं पाणी भरून झाल्याशिवाय मात्र सुरू करू नका, बायका येणारच नाहीत.

शेवट गोड केलात की संपलं, कुणी उठतच नाही. बायको वेगळं वागू शकली असती असे दोन-तीन क्षण संहितेत मुद्दाम पेरा. मग तेच नाटक पुन्हा करा. प्रेक्षकांतून ‘थांबा’ आलं की कलाकार जागीच थबकतात आणि ओरडणारी व्यक्ती बायकोची जागा घेते. नवऱ्याची जागा कुणालाही देऊ नका. तो अचानक शहाणा झाला तर सोडवायला काही उरत नाही. त्याने सहज माघार घेऊ नये, अंगाला हातही लावू नये. पहिल्या ‘थांबा’ला वेळ लागतो. सूत्रधाराने ती शांतता सोसावी, भाषण ठोकू नये. नुसते पुरुषच उठत असतील तर एक फेरी फक्त बायकांची ठेवा.

कथा खऱ्या बाईच्या अनुभवावरून घेतली असेल तर तिला ती भूमिका देऊ नका. नाव, धंदा, गल्ली सगळं बदला. कुणाला रडू आलं तर समुपदेशक बाजूला घेऊन बसेल, खेळ थांबेल. 181 ही महिला हेल्पलाइन शेवटी दोनदा सांगा.