टॉमकॅट उठला, पण तुमचं ऐकलं का? कॉन्फिग फाइलमधल्या या चुका टाळा

टॉमकॅट हा जावा वेब ॲप चालवणारा सर्व्हर सुरूच झाला नाही, तर फार घाबरायचं कारण नसतं. पडताना तो कारण सांगून पडतो, बहुतेक वेळा ओळ क्रमांकासकट. डोकेदुखी वेगळीच असते. सर्व्हर व्यवस्थित उठतो, 8080 वर पानही दिसतं, पण तुम्ही फाइलमध्ये लिहिलेली सेटिंग त्याने मानलेलीच नसते.

आधी आरडाओरडा करणाऱ्या चुका उरकून घेऊ. मायएसक्यूएलमध्ये मराठी मजकूर साठवायचा म्हणून जेडीबीसी यूआरएलला (जावाला डेटाबेसशी जोडणाऱ्या पत्त्याला) 'युजयुनिकोड' आणि 'कॅरेक्टरएन्कोडिंग' हे दोन पॅरामीटर जोडायची सवय अनेकांना आहे. दोन पॅरामीटर आले की मध्ये & आलाच. हीच यूआरएल जावा कोडमध्ये बिनतक्रार चालते. कॉन्टेक्स्ट.एक्सएमएल या ॲपच्या सेटिंगच्या फाइलमध्ये चिकटवली की पार्सर (फाइल वाचणारा भाग) अडतो आणि लॉगमध्ये लिहितो की 'कॅरेक्टरएन्कोडिंग' या एंटिटीचा शेवट सेमीकोलनने व्हायला हवा. ते वाचून काही जण खरोखरच यूआरएलच्या शेवटी सेमीकोलन ठोकून देतात. उपाय तो नाही. एक्सएमएलमध्ये नुसता & चालत नाही. त्याच्या लगेच पुढे ए, एम, पी ही अक्षरं स्मॉलमध्ये लिहून सेमीकोलन द्यायचा. पासवर्डमध्ये & असेल तरी हेच करायचं.

'कंटेंट इज नॉट अलाऊड इन प्रोलॉग' असा संदेश आला तर फाइलच्या अगदी सुरुवातीला काहीतरी फालतू अक्षर घुसलंय. एक्सएमएल डिक्लेरेशनच्या (आवृत्ती सांगणाऱ्या पहिल्या ओळीच्या) आधी रिकामी ओळसुद्धा चालत नाही, फक्त तेव्हा येणारा संदेश वेगळा असतो. वर्डमधून कॉपी केलेले वळणदार अवतरणचिन्हही असंच नडतं. रीस्टार्ट मारण्याआधी टॉमकॅट सुरू करणाऱ्या कॅटलिना.एसएच स्क्रिप्टला 'कॉन्फिगटेस्ट' देऊन चालवा. सर्व्हर.एक्सएमएल ही मुख्य कॉन्फिग फाइल तिथेच तपासून होते. बाकी फाइल्ससाठी एक्सएमएललिंट हे तपासणीचं टूल आहेच.

आता कॉमेंटचा, म्हणजे सर्व्हर वाचतच नाही अशा मजकुराचा, घोळ. टॉमकॅट-युजर्स.एक्सएमएलमधले नमुन्याचे युजर मुळात कॉमेंटमध्ये असतात. लोक नाव आणि पासवर्ड बदलतात, पण वरचं <!-- आणि खालचं --> तसंच ठेवतात. फाइल एक्सएमएल म्हणून निर्दोष असल्यामुळे लॉगमध्ये चकार शब्द येत नाही, आणि मॅनेजर या ॲप्स सांभाळायच्या वेब ॲपचं पान 401 (लॉगिन नामंजूर) देत राहतं. 403 (परवानगी नाही) येत असेल तर मात्र पासवर्डच्या मागे लागू नका. एक तर 'मॅनेजर-जीयूआय' हा रोल दिलेला नाही, किंवा तुम्ही दुसऱ्या मशीनवरून पान उघडताय. मॅनेजर ॲपच्या स्वतःच्या कॉन्टेक्स्ट.एक्सएमएलमध्ये एक व्हॉल्व्ह असतो, तो फक्त त्याच मशीनवरून आलेल्यांना आत सोडतो.

टॉमकॅट सर्व्हर.एक्सएमएलमधलं अनोळखी ॲट्रिब्यूट (टॅगमधलं सेटिंगचं नाव) पाहून थांबत नाही. 'कनेक्शनटाइमआउट'मध्ये 'टाइमआउट'चा पहिला टी कॅपिटल हवा, तो स्मॉल लिहिला तरी सर्व्हर उठतो, फक्त एक वॉर्निंग टाकतो. जुन्या आवृत्त्यांत 'डिड नॉट फाइंड अ मॅचिंग प्रॉपर्टी', नव्या आवृत्त्यांत 'फेल्ड टू सेट प्रॉपर्टी'. इक्लिप्स या कोड लिहायच्या टूलमधून टॉमकॅट चालवणाऱ्यांना ही वॉर्निंग रोजच दिसते, कारण इक्लिप्स स्वतः 'सोर्स' नावाचं एक जादा ॲट्रिब्यूट घालतं. ते निरुपद्रवी आहे. पण त्यामुळे डोळ्यांना ती ओळ सोडून द्यायची सवय लागते, आणि प्रॉडक्शनवर आलेली खरी वॉर्निंगही नजरेतून सुटते. आकड्याचं एककही बघा. हा टाइमआउट मिलिसेकंदांत असतो. मूळ फाइलमध्ये 20000 म्हणजे 20 सेकंद असतात. तिथे कुणी 20 लिहिले, तर फाइलच्या दृष्टीने त्यात काहीच चूक नाही.

या जातीतली सगळ्यात महागात पडणारी चूक कनेक्शन पूलमध्ये, म्हणजे डेटाबेसच्या तयार ठेवलेल्या कनेक्शनच्या साठ्यात, होते. टॉमकॅट 8 पासून पूल डीबीसीपी 2 या लायब्ररीवर गेला आणि कमाल कनेक्शन ठरवणाऱ्या 'मॅक्सॲक्टिव्ह'चं नाव 'मॅक्सटोटल', वाट बघायची मर्यादा ठरवणाऱ्या 'मॅक्सवेट'चं 'मॅक्सवेटमिलिस' झालं. जुनी फाइल तशीच उचलून आणली की तुमचे 100 कनेक्शन गुपचूप बाजूला पडतात आणि डिफॉल्ट 8 लागू होतात. वर 'मॅक्सवेट'ही मानलेलं नसल्यामुळे नववी रिक्वेस्ट एरर न देता नुसती थांबून राहते, कारण डिफॉल्टमध्ये वाट बघायला मर्यादाच नाही. टेस्टिंगला दोन-चार जण असतात तोवर काही कळत नाही. गर्दी झाली की ॲप लटकतं आणि सगळे डेटाबेसवाल्याकडे बोट दाखवतात. खरं तर सर्व्हर सुरू होतानाच्या लॉगमध्ये स्पष्ट लिहिलेलं असतं की अमुक प्रॉपर्टी वापरली जात नाही, तमुक वापरा. एक पोटनियम लक्षात ठेवा: डेटाबेसची माहिती देणाऱ्या रिसोर्स टॅगमध्ये 'फॅक्टरी' म्हणून टॉमकॅटचा स्वतःचा जेडीबीसी पूल दिला असेल, तर तिथे 'मॅक्सॲक्टिव्ह'च बरोबर असतं. इंटरनेटवर या बाबतीत परस्परविरोधी उत्तरं सापडतात ती यामुळेच.

वॉरमधली (ॲपच्या पॅक केलेल्या फाइलमधली) कॉन्टेक्स्ट.एक्सएमएल बदलली, पुन्हा डिप्लॉय केलं, तरी जुनाच डेटाबेस दिसतोय? कॉन्फ फोल्डरमध्ये कॅटलिना, त्याच्या आत लोकलहोस्ट असा फोल्डर उघडा. तिथे ॲपच्या नावाची एक्सएमएल फाइल असेल तर तीच चालते, वॉरमधली बघितलीही जात नाही. टॉमकॅट 6 वॉरमधल्या फाइलची प्रत इथे आपोआप करत असे, त्यामुळे जुन्या सर्व्हरवर या फाइल्स हमखास सापडतात. या फोल्डरमधल्या फाइलमध्ये 'पाथ' (ॲपचा यूआरएलमधला पत्ता) लिहून उपयोग नसतो, फाइलचं नाव हाच पाथ.

ॲप उठलं नाही आणि कॅटलिना.आउट या लॉगमध्ये 'वन ऑर मोअर लिसनर्स फेल्ड टू स्टार्ट' एवढंच दिसलं, तर तिथे खोदत बसू नका. पूर्ण स्टॅकट्रेस (चूक कुठून आली त्याचा माग) कॅटलिना.आउटच्याच फोल्डरमधल्या 'लोकलहोस्ट' नावाच्या, तारीख जोडलेल्या लॉगमध्ये असतो.

आवृत्ती बदलताना जुनी सर्व्हर.एक्सएमएल नव्या कॉन्फ फोल्डरवर टाकू नका. नवी फाइल घ्या, जुन्या फाइलशी डिफ (फरक) काढा आणि आपले बदल हाताने आणा. 2020 मध्ये घोस्टकॅट ही सुरक्षेतली फट उघड झाल्यावर 9.0.31 पासून एजेपी कनेक्टरचे (पुढे असलेल्या अपाचे वेब सर्व्हरशी बोलणाऱ्या दाराचे) नियम कडक झाले. 8009 पोर्टचा हा कनेक्टर आता कॉमेंटमध्येच येतो, चालू केला तर डिफॉल्टने फक्त त्याच मशीनवर ऐकतो, आणि 'सीक्रेट' (दोन्ही सर्व्हरांमधला गुप्त शब्द) दिलं नाही तर सुरूच होत नाही. 'सीक्रेटरिक्वायर्ड' फॉल्स करून मोकळं होण्याचा सल्ला सर्रास मिळतो. तो घेऊ नका. टॉमकॅटच्या कनेक्टरवर सीक्रेट द्या आणि तेच अपाचेच्या प्रॉक्सीपासच्या ओळीवरही द्या. त्यासाठी अपाचे 2.4.42 किंवा त्यापुढचा लागतो.