फिफ्थ व्हील कॅम्परसाठी गूसनेक हिच: या चुका टाळा

हिच म्हणजे कॅम्पर ओढायला पिकअपच्या बेडमध्ये, म्हणजे मागच्या उघड्या हौद्यात, बसवायचा जोड. तिच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत २०,००० किंवा २५,००० पाउंड छापलेलं असतं. आपला कॅम्पर, म्हणजे चाकांवरचं घर, सामानासकट १२,००० पाउंडांचा. मग काळजी कसली, जवळजवळ निम्मी ताकद शिल्लकच आहे, असं म्हणून माणूस निर्धास्त होतो. मीही झालो होतो. पण तो आकडा हिचचा असतो. तुमच्या पिकअपचा नसतो आणि कॅम्परच्या फ्रेमचा तर नसतोच. या तिघांत जो सगळ्यांत कच्चा, त्याचा आकडा तो आपला आकडा. इथे अमेरिकेत कॅम्पर घेणारे ओळखीतले लोक फोन करतात ते हिच बसवून झाल्यावर. तोवर बेडला भोकं पडलेली असतात.

पाठीवरचं वजन न मोजणं

सांगलीहून मामा आले होते, तेव्हा मी अंगणात कागद-पेन्सिल घेऊन बसलो होतो. म्हणाले, "अरे, आपल्या उसाच्या ट्रॉलीला एक दांडा आणि एक पिन. एवढा कसला हिशेब मांडतोयस?" मामांचं त्यांच्यापुरतं बरोबर होतं. चारचाकी ट्रॉली आपलं वजन आपल्याच चाकांवर पेलते, ट्रॅक्टरला ती फक्त ओढायची असते. फिफ्थ व्हील, म्हणजे ज्याचं नाक पिकअपच्या बेडमध्ये टेकतं तो कॅम्पर, त्याचं तसं नाही. तो आपल्या वजनाचा १५ ते २५ टक्के भाग पिकअपच्या पाठीवर टाकतो. यालाच इथे पिन वेट म्हणतात.

१२,००० पाउंडांच्या कॅम्परचे २० टक्के धरले तर २,४०० पाउंड झाले. हिच स्वतः दीडशेची. चौघांचं कुटुंब सहाशे पाउंड. हत्यारं, शीतपेटी, कुत्रा मिळून शंभर. बेरीज ३,२५०. आता ड्रायव्हरचं दार उघडून चौकटीवरचा स्टिकर वाचा. प्रवासी आणि सामान मिळून किती वजन चालेल, ते तिथे लिहिलेलं असतं. पाऊण टनी म्हणवणाऱ्या बऱ्याच डिझेल पिकअपचं एकूण मान्य वजन १०,००० पाउंडांवर अडकलेलं असतं आणि डिझेल इंजिन मुळातच जड. त्यामुळे स्टिकरवर दोन-सव्वादोन हजारच दिसले तर आश्चर्य नको. तोच पिकअप पेट्रोल इंजिनचा असेल तर पाठीवर जास्त वजन घेऊ शकतो, ओढतो मात्र कमी. जाहिरातीत ओढण्याचाच आकडा मोठा छापतात, म्हणून फसगत होते.

कॅम्परच्या माहितीपत्रकातलं पिन वेट रिकाम्या गाडीचं असतं. बॅटऱ्या, गॅसच्या टाक्या आणि पुढच्या कप्प्यात आपण कोंबतो ते सगळं नेमकं किंगपिनच्या, म्हणजे कॅम्परच्या नाकाखाली हिचमध्ये अडकणाऱ्या जाड पिनच्या, आसपासच येतं. पाण्याची टाकी कुठे आहे तेही बघा. एक गॅलन पाणी म्हणजे सव्वाआठ पाउंडांहून थोडं जास्त. टाकी कॅम्परच्या चाकांपुढे असेल तर पिनवरचा भार वाढतो, मागे असेल तर घटतो.

अंदाज पुरे झाले की ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर, म्हणजे ट्रकच्या वजनकाट्यावर, जा. आधी नुसता पिकअप तोला, इंधनाची टाकी भरलेली आणि घरची माणसं आत बसलेली. मग कॅम्पर जोडून पुन्हा तोला. पिकअपच्या दोन्ही अ‍ॅक्सलवरच्या वजनात जी वाढ दिसेल, तेच तुमचं खरं पिन वेट. मागच्या अ‍ॅक्सलचा आणि टायरचा मान्य भारही त्याच पावतीवरून ताडून घ्या.

बेडमध्ये गोळा आहेच, मग अ‍ॅडॅप्टर लावू

ही चूक सगळ्यांत मोहाची आहे, म्हणून या चुकीवर जरा थांबतो. गूसनेक म्हणजे गोळ्यावर टेकणारी हिच. तिचा २ ५/१६ इंची गोळा बेडच्या तळाशी असतो. काम झालं की काही प्रकारांत उलटा करून खाली दडवता येतो आणि बेड सपाट मोकळा. फिफ्थ व्हील हिचचा अवजड सांगाडा मात्र बेड अडवून बसतो. मग कुणीतरी सुचवतं की किंगपिनला खाली एक लांब नळी जोड, ती गोळ्यावर बसव, पैसे वाचव.

कॅम्परची फ्रेम बनवताना ओढ किंगपिनच्या पातळीवर लागेल असं धरलेलं असतं. किंगपिन बेडच्या तळापासून साधारण दीड फूट वर असतो. लांब अ‍ॅडॅप्टर लावला की ओढीची जागा तेवढी खाली सरकते आणि मधली नळी पहारीसारखं काम करते. ब्रेक लावताना ३,००० पाउंडांचा धक्का बसला, तर दीड फुटाच्या पहारीमुळे पिन बॉक्सच्या, म्हणजे किंगपिन धरणाऱ्या कॅम्परच्या पोलादी पेटीच्या, मुळाशी ४,५०० फूट-पाउंडांचा जादा पीळ पडतो. एकदा नाही, प्रत्येक सिग्नलला, प्रत्येक खड्ड्याला. गोळ्याला काही होत नाही. पिन बॉक्सजवळच्या वेल्डिंगला मात्र बारीक चिरा जाऊ शकतात आणि त्या पत्र्याआड असल्यामुळे दिसतही नाहीत. म्हणून फ्रेम बनवणारी कंपनी असा अ‍ॅडॅप्टर मान्य करते का, त्याने वॉरंटी जाते का, हे आधी लेखी विचारून घ्या. दुकानदाराच्या तोंडी "चालतं हो"ला काही अर्थ नाही. मूळ पिन बॉक्सच काढून त्याजागी बसणारे खास गूसनेक बॉक्सही मिळतात. त्यांचा विचार वेगळा करावा, पण प्रश्न तोच विचारावा.

मधला रस्ता आहे आणि माझ्या मते तोच बरा. गूसनेकच्या जागेचा उपयोग हिच धरून ठेवण्यापुरता करायचा आणि जोड वर, किंगपिनच्या पातळीवरच ठेवायचा. कॅन्ससच्या हंबोल्ट गावातल्या बी अँड डब्ल्यूची कंपॅनियन हिच गोळा काढून त्याच खाचेत खांब बसवते, वर किंगपिन पकडणारा नेहमीसारखा जबडा असतो. आयडाहोतल्या अँडरसनची अल्युमिनियमची हिच वजनाला इतकी हलकी की एकटा माणूस उचलून बाहेर काढतो. तिच्यात गोळा वरच्या टोकाला असतो आणि किंगपिनला पकड बसवावी लागते. दोन्हींत पहार लांबत नाही आणि बेडही मोकळा करता येतो.

नवीन पिकअपमध्ये कारखान्यातूनच बेडला पाच भोकं देतात, मधलं गोळ्यासाठी आणि चार कोपऱ्यांची फिफ्थ व्हील हिचच्या पायांसाठी. फोर्ड, रॅम आणि जीएम यांची मापं एकसारखी धरू नका. आपल्या मॉडेलचं नाव आणि वर्ष सांगूनच हिच मागवा.

केबिनची मागची काच

आखूड बेड असेल तर टेप घ्या. किंगपिनच्या मध्यापासून केबिनपर्यंतचं अंतर कॅम्परच्या निम्म्या रुंदीपेक्षा कमी असेल, तर काटकोनात वळताना कॅम्परचा कोपरा काचेत शिरतो. आठ फुटी कॅम्परला ४८ इंच लागतात. पुढचे कोपरे गोलसर असतील तर थोडी सूट मिळते. जागा कमी पडली म्हणून हिच अ‍ॅक्सलच्या मागे सरकवू नका, पिकअपचा पुढचा भाग हलका होऊन स्टिअरिंग सैल पडतं. वळण्यापुरती मागे सरकणारी हिच घ्या.

बेडच्या कडा आणि कॅम्परचा पोटभाग यांत सहा इंचांची फट हवी. ती मिळवायला हिच उंच केली की कॅम्परचं नाक वर जातं आणि त्याच्या मागच्या अ‍ॅक्सलवर ताण येतो. उंची कॅम्परच्या बाजूने वाढवता येते का ते बघा.

जोडताना

सगळ्यांत महाग चूक इथे होते. कॅम्पर गरजेपेक्षा उंच असेल तर किंगपिन जबड्यात न जाता जबड्यावर बसतो. जबड्याचा दांडा बंद झाल्यासारखा वाटतो. कॅम्परचे टेकूचे पाय वर घेतले, गाडी हलली, की अख्खा कॅम्पर बेडच्या कडांवर कोसळतो. म्हणून मागे येण्याआधी किंगपिनची पाटी हिचच्या पाटीपेक्षा अर्धा-एक इंच खाली ठेवा, म्हणजे ती उतारावरून घासत चढेल. जोडल्यावर टॉर्च घेऊन दोन गोष्टी पाहा. दोन्ही पाट्यांमध्ये उजेड दिसता कामा नये आणि जबडा किंगपिनच्या मानेभोवती मिटलेला हवा.

मग ओढून पाहायचं. कॅम्परच्या चाकांना अडण्या, पाय जमिनीपासून इंचभर वर आणि कॅम्परचा ब्रेक हाताने दाबून पिकअप हळूच पुढे. कॅम्पर निसटलाच तर इंचभरच पडेल.

ब्रेकअवेची वायर, म्हणजे कॅम्पर सुटला तर त्याचे ब्रेक आपोआप लावणारी, हिचच्या दांड्याला अडकवू नका, पिकअपलाच अडकवा. हिचच उखडली तर वायरही तिच्याबरोबर जाईल आणि ब्रेक लागणारच नाहीत. थेट गोळ्यावर बसवणार असाल तर सेफ्टी चेनही बहुतेक राज्यांत लागते. पिकअपचा मागचा फाळका पाडायला विसरू नका, हे मी अनुभवाने सांगतो आणि तपशील सांगत नाही.

नेहमीच्या तक्रारी

सोडताना दांडा हलत नाही, तेव्हा हातोडी शोधू नका. किंगपिन जबड्यावर दाबून बसलेला असतो. चाकांना अडण्या लावा, पिकअप दोन बोटं मागे घ्या, दाब सुटला की दांडा सहज निघतो.

वळताना किरकिर येत असेल तर पाटीवरची प्लास्टिकची चकती झिजली आहे किंवा ग्रीस नाही. चकती लावली असेल तर वर ग्रीस चोपडू नका, त्यात वाळू बसते.

गाडी थांबता-निघता पाठीत गचके बसत असतील तर आधी खांबाचा आणि पायांचा बोल्ट तपासा, मग जबड्याची झीज. दोन्ही ठीक असतील तर ब्रेक कंट्रोलर, म्हणजे कॅम्परचे ब्रेक किती लागावेत ते ठरवणारं यंत्र, बघा. कॅम्परचे ब्रेक कमी लागत असतील तर तो मागून ढकलतोच. नवी हिच बसवल्यावर पहिल्या शंभर मैलांत बोल्ट थोडे सैल पडतात. पहिल्याच मुक्कामी टॉर्क पाना घेऊन बेडमध्ये चढा, चहा नंतर.